फळ्यावरचा स्टोव्ह

माणिकबाईंना दोनच गोष्टींची भीती वाटे, तपासनीसबाई आणि स्टोव्ह. त्या मंगळवारी दोन्ही एकाच वर्गात आल्या.

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत सातवीला गृहशास्त्र शिकवायला त्यांना घेतलं, ते साल अठ्ठावन्न. नोकरी अजून कायम नव्हती. तपासणीचा शेरा चांगला आला तरच होणार होती. घरी त्यांचा सगळा स्वयंपाक चुलीवर. त्यातून वरूडला कुणाच्या तरी स्टोव्हचा भडका उडाल्याचं ऐकलं, तेव्हापासून शाळेतला पितळी स्टोव्ह त्यांनी कपाटात कोंडला होता. शिकवण्यात मात्र कसूर नाही. फळ्यावर त्यांनी असा देखणा स्टोव्ह काढला होता, की मुली हवेतच पिन करत, हवेतच पंप मारत. मग बाई निळ्या खडूने ज्योत काढत आणि म्हणत, "झाला चहा."

अमरावतीहून आलेल्या तपासनीस सत्यवतीबाईंनी चित्र पाहून मान डोलावली. "छान. आता खरा पेटवून दाखवा."

माणिकबाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "रॉकेल संपलं जी."

"हाय ना बाई!" शिपाई डोमाजी दारातून उत्साहाने म्हणाला. "कालच त आनून ठेवलं म्या."

"पण पिन हरवली."

पुढच्या बाकावरची वच्छला उठली. "हरवली नाही बाई. सकाळी तुमीच अंबाड्यात खोसली. थे पाहा, दिसून राह्यली."

आता सुटका नव्हती. डोमाजीने स्टोव्ह टेबलावर आणून ठेवला. माणिकबाईंनी बर्नरखालच्या वाटीत रॉकेल ओतलं. दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली, ती त्यांनी लांबूनच टाकली.

भप्प! पिवळा जाळ हातभर वर उठला.

"बाई, फळ्यावर त निळा होता!" वच्छला किंचाळली.

"पया पोरीहो, पया!" माणिकबाईंची पुस्तकी भाषा जाळाबरोबरच उडाली. दाराशी उभं राहून त्यांनी एकेक मुलगी बाहेर ढकलली आणि मैदानातलं लिंबाचं झाड गाठलं. झाडामागे जागा नव्हती. तिथे सत्यवतीबाई आधीच उभ्या होत्या, एकाच पायात चप्पल घालून.

दोघी एकमेकींकडे बघेनात. माणिकबाईंना तर वर्गाच्या धुराबरोबर नोकरीही वर जाताना दिसत होती.

डोमाजी आत डोकावून आला. "बाई, थो त आपल्यानंच इझला! कोनी पंपच नाही मारला."

सत्यवतीबाईंनी पदर सावरला. "मुली किती शिस्तीत बाहेर आल्या! जिल्ह्यात असं शिक्षण पाहिलं नाही मी. तसाच शेरा देते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी चप्पल तेवढी कुणी आणेल का?"

माणिकबाई कायम झाल्या. पुढच्या महिन्यात अमरावतीच्या कचेरीतला शिपाई एस.टी.ने एक खोकं घेऊन आला. "तपासनीसबाईंकडून शाळेले बक्षीस."

आत पितळी स्टोव्ह होता. कोरा करकरीत, बर्नरवरचा कागदही निघाला नव्हता.

"वापरला नाही का कोणी?" माणिकबाईंनी मागे सरकतच विचारलं.

"कायचा वापरता! कचेरीत हा ज्या कपाटात होता, त्याच्या बाजूनंही बाई जात नोहोत्या. तुमच्या शाळेतून आल्या अन् मने, याले नीट सांभाळनारी एक बाई सापडली."

माणिकबाईंनी दुसरा स्टोव्ह कपाटात पहिल्याशेजारी ठेवला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग फळ्याशी गेल्या आणि चित्रातली निळी ज्योत पुसून पिवळी काढली.