उस्तादांना श्रद्धांजली, उस्तादांच्या उपस्थितीत

"नाकारणार! भर सभेत नाकारणार!" उस्ताद आरशासमोर उभे राहून गरजले. "पुरस्कार हातात घेईन, चारही बाजूंना एकदा नीट दाखवेन, आणि मग टेबलावर आपटून म्हणेन, ठेवा तुमच्याकडेच!"

"आपटू नका, काचेचा असतो," मास्तर आतून म्हणाले.

मास्तर म्हणजे उस्तादांचे जोडीदार. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. उस्तादांबरोबर आयुष्य काढूनही ज्यांचा आवाज कधी चढला नाही, असा दुसरा माणूस शोधून सापडणार नाही.

आता उस्ताद एवढे का तापले होते? अहो, तुम्हीही तापला असता! त्यांचं सलून होतं. पुढे कात्री चालायची आणि मागच्या खोलीत घरच्यांनी हाकलून दिलेली मुलं राहायची. कोणी मुलगा मुलावर प्रेम करतो म्हणून, कोणी मुलगी मुलीवर करते म्हणून, तर कोणाला मुलगा म्हणून वाढवलं आणि ती मुलगी निघाली म्हणून! उस्ताद त्यांचे केस त्यांना हवे तसे कापून द्यायचे. दवाखान्यात घेऊन जायचे, आणि तिथला डॉक्टर नाक मुरडायला लागला की त्याला फैलावर घ्यायचे. एखाद्याचा बाप दारात येऊन थयथयाट करू लागला, की अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून उस्ताद वस्तऱ्यासकट बाहेर! वस्तऱ्याला नुसता साबण असायचा, पण बाप काही जवळ येऊन बघायचे नाहीत.

शहरातल्या एलजीबीटी लोकांसाठी झटणाऱ्या माणसांचा आणि संस्थांचा दरवर्षी गौरव व्हायचा. उस्तादांचं नाव कधी नाही! आणि गेल्या वर्षी पुरस्कार कोणाला? सलूनच्या घरमालकाला! "मागची ती पोरं हलवा" म्हणून जो दर महिन्याला दारात ठाण मांडायचा, त्याला! का, तर कार्यक्रमाला सभागृह फुकट दिलं! उस्तादांनी त्याच दिवशी समितीतल्या एकूणएक माणसाचा नंबर ब्लॉक केला. आणि या वर्षी सलूनच्या पत्त्यावर निमंत्रणपत्रिका आली, "उस्ताद यांचा विशेष गौरव." नाकारायची यापेक्षा चांगली संधी कुठली!

सभागृहाच्या दारात एक स्वयंसेवक मुलगी उभी होती.

"कोणाच्या गौरवासाठी आलात?"

"उस्तादांच्या!" उस्ताद छाती काढून म्हणाले.

मुलीचे डोळे पाण्यानं भरले. "तुम्ही त्यांचे कोण?"

"कोण म्हणजे? मीच उस्ताद!"

मुलीनं हळूच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं, काका. माझी आजी गेली तेव्हा मलाही वाटायचं, मीच आजी आहे."

उस्तादांना काही उमगायच्या आत तिनं दोघांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. खुर्चीवर पाटी होती, "शोकाकुल कुटुंबीय." शेजारी टिश्यूचा खोका. उस्तादांनी मान वर केली, आणि समोर स्टेजवर स्वतःचाच दाराएवढा फोटो! फोटोपुढे दिवा! आणि खाली अक्षरं, "कायम आमच्या स्मरणात."

आता हे झालं कसं? तर उस्तादांचा फोन लागेना म्हणून समितीच्या सचिवबाई स्वतः सलूनमध्ये गेल्या. गुडघे दुखायला लागल्यापासून उस्तादांनी सलून आपल्या शागिर्दाच्या हवाली केलं होतं. शागिर्दानं गुरूचा मोठा फोटो आरशावर लावलेला, वर छोटासा दिवा. पहिल्या गिऱ्हाइकाला हात लावण्याआधी तो कात्री छातीशी धरून, डोळे मिटून फोटोसमोर उभा राहायचा. सचिवबाईंनी दारातून नेमकं तेवढंच पाहिलं, हुंदका दिला आणि आल्या पावली परत गेल्या. विचारायला नको? जिवंत माणसाला मारताना एक प्रश्न विचारायला जीभ झिजते का?

"मी मेलो?" उस्तादांचा आवाज चिरकला. "मला न विचारता?"

"बसा. फोटो छान आलाय," मास्तरांनी त्यांची बाही ओढली.

"मास्तर, तुमचा जोडीदार वारलाय!"

"हो, आत्ताच कळलं."

उस्ताद तरातरा उठले. आता स्टेजवर जाऊन एकेकाची हजेरी घेणार, तेवढ्यात सचिवबाई माइकवर म्हणाल्या, "दोन शब्द बोलतील उस्तादांच्या थोरल्या भगिनी."

उस्ताद मटकन खाली बसले.

ताई! उस्ताद मास्तरांबरोबर राहायला गेले त्या दिवसापासून या बाईनं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. कोणाच्या लग्नाला बोलावणं नाही, आजारपणात चौकशी नाही, समोरून आली तर रस्ता बदलायची. उस्तादही चारचौघांत सांगायचे, मला बहीणच नाही! आणि दर वर्षी तिच्या वाढदिवसाला दिवसभर कोणाशी धड बोलायचे नाहीत. ते फक्त मास्तरांना ठाऊक.

ताई माइकपुढे उभी राहिली. केस पार पांढरे झाले होते.

"लोक काय म्हणतील म्हणून मी माझ्या भावाला दारात उभं केलं नाही," ती म्हणाली. "आणि आज इथली निम्मी मुलं मला सांगतायत, त्यानं आम्हाला घरात घेतलं. मी एक दार बंद करून बसले, आणि त्यानं..." तिनं पदर तोंडाला लावला. "एकदा भेटला असता, तर पाया पडले असते त्याच्या. धाकटा असला म्हणून काय झालं!"

उस्तादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. स्वयंसेवक मुलगी टिश्यू पुरवून थकली. असं मरण वाईट नाही, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. एवढ्यात ताईनं डोळे पुसले आणि हसली.

"पण लहानपणी भारी द्वाड! बाबांच्या दाढीच्या ब्रशनं त्यानं मांजर धुतलं, आणि मार खाल्ला मी!"

"खोटं!" उस्ताद खुर्चीवरून उसळले. "साफ खोटं! मांजर तू धुतलंस! मार मी खाल्ला!"

सभागृहात किंकाळ्या! मागची एक रांग उभीच राहिली. ताईच्या हातातून माइक पडला.

"मेल्या! तू जिवंत आहेस?" ती स्टेजवरून खाली धावली.

"आहे! आणि मेल्यावरही असं खोटं ऐकून घेणार नाही!"

"मग मला इथं कशाला बोलावलं? ही साडी नेसले, रिक्षानं आले, रात्रभर रडले!"

"मी बोलावलं? मला मारलं यांनी, आणि जाब मला?"

सचिवबाई हात जोडत धावल्या. म्हणाल्या, माफ करा, चूक झाली, पण जिवंतांचे पुरस्कार सगळे वाटून संपले. स्मृतिचिन्ह तेवढं उरलंय, आणि त्यावर स्मरणात वगैरे कोरलंय. पुढच्या वर्षी तुम्हाला नक्की देऊ!

"पुढच्या वर्षी? म्हणजे तोवर मी जगायचं?" उस्ताद कडाडले. मग ताईकडे वळले. "ते जाऊ दे. तू काय म्हणत होतीस मघाशी? एकदा भेटला असता तर..? भेटलो! हे बघ पाय!"

"ते मेलेल्या माणसासाठी होतं," ताई फणकारली. "जिवंत माणसाच्या पाया पडायला मी वेडी आहे?"

पण बोलता बोलता तिनं त्यांचा दंड घट्ट धरला होता, आणि तो काही सोडत नव्हती. मग तिची नजर मागे उभ्या मास्तरांवर गेली. मास्तर बाही नीट करत उभे होते.

"हे तेच का?"

"मीच, ताई," मास्तर म्हणाले.

ताईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढी वर्षं याला सांभाळलंत?"

"हो."

"याला? अशा तापट माणसाला?" तिनं सचिवबाईंच्या हातातलं स्मृतिचिन्ह काढून घेतलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. "मग हे तुमचं. आणि उद्या दुपारी याला घेऊन जेवायला या आमच्याकडे."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सगळ्यात जोरात टाळ्या ती स्वयंसेवक मुलगी वाजवत होती.

घरी परतताना उस्ताद फूटपाथवर पाय आपटत चालले होते. "अन्याय आहे हा! मेलो मी, रडलो मी, आणि सत्कार तुमचा! आमंत्रणही तुम्हालाच! मला म्हणे 'घेऊन या'! मी काय पिशवी आहे? नाही येणार! त्या घरात पाऊल टाकणार नाही!"

"बरं. मी एकटा जातो," मास्तर म्हणाले.

कोपऱ्यापर्यंत उस्ताद तसेच पाय आपटत गेले. मग घसा खाकरला.

"मास्तर, माझा निळा शर्ट इस्त्री केलेला आहे का हो?"