खिशातला द्रवणांक

"भेसळ असते त्यात," चोंदलेल्या नाकातून त्याने निकाल दिला आणि बायकोने पुढे केलेली मेन्थॉलच्या खड्यांची शिशी परत केली.

"अहो, कालच आणलेत. दुकान चांगलं आहे."

"दुकान चांगलं म्हणून माल शुद्ध, हा निष्कर्ष शास्त्रीय नाही."

"सकाळपासून शिंका थांबत नाहीत, आणि वर शास्त्र सांगताय!"

तिने वाद वाढवला नाही. इस्त्री केलेल्या त्याच्या पांढऱ्या कोटाच्या छातीवरच्या खिशात तिने ती शिशी हळूच सरकवली. शिशीही त्यानेच आणलेली. प्रयोगशाळेतून मोडीत काढलेल्या तसल्या चिमुकल्या शिश्यांत त्यांच्या घरी गुंड्या, सुया आणि लवंगा सुखाने नांदत होत्या.

कारखान्यात त्याला सगळे 'अंशसाहेब' म्हणत. चहा कसा झालाय विचारले, तरी उत्तर अंशांत यायचे. त्याने काढलेला आकडा कुणाला पुन्हा तपासावा लागला नव्हता, आणि हा मान उशाशी घेऊनच तो रोज झोपी जाई. आज एका नव्या, पांढऱ्या खड्यांच्या रसायनाची पिंपे येणार होती. गोदामाचे पत्र्याचे छप्पर उन्हाळ्यात असे तापे, की सहज वितळणारा पदार्थ तिथे ठेवणे म्हणजे संकटाला अंथरूण घालून देणे. म्हणून पिंपे आत घेण्यापूर्वी सुरक्षा अधिकारी बाईंना त्या रसायनाचा द्रवणांक हवा होता.

नमुना तपासण्याआधी घटकाभर छातीशी बाळगायचा, हा त्याचा शिरस्ता. देहाच्या उबेने त्यातला ओलावा उडतो, अशी त्याची श्रद्धा होती, आणि श्रद्धेला पुरावा मागण्याइतका तो स्वतःशी निष्ठुर नव्हता. त्या शिशीवर तो चिठ्ठीही लावत नसे. खिशात एकच तर असते. एकटीला नाव कशाला? त्या दिवशी मात्र तिथे दोघी होत्या, आणि सर्दीने जड झालेल्या त्याच्या डोक्याला त्याचा पत्ता नव्हता.

हाताला आली ती शिशी त्याने काढली, खडे कुटले, केसासारख्या बारीक काचनळीत भरले आणि नळी तापमापकाशेजारी बसवली. मंद आच देऊन त्याने भिंगाला डोळा लावला. हा क्षण त्याला फार प्रिय होता. पदार्थ आधी हट्टाने बसून राहतो, मग त्याच्या कडेला घाम फुटतो, आणि रुसलेल्या माणसाला नकळत हसू यावे तसा तो एकाएकी पाझरतो.

पाझरला. बेचाळीस अंशांवर. त्याने दुसरी नळी भरली, तेच. भेसळीचा माल रेंगाळत, कुरकुरत वितळतो. हा एका दमात.

"वा! इतकं शुद्ध काही मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं!" तो म्हणाला.

"शुद्धतेचं राहू द्या, आकडा सांगा," बाई दारातून म्हणाल्या.

"बेचाळीस."

"बेचाळीस? अहो, गोदाम त्याच्या वर जातं! पिंपांतच पाणी होईल त्याचं!"

"बाई, दोनदा पाहिलंय."

बाईंना खोलीत पुदिन्याचा उग्र वास आला होता. बिचाऱ्याने अंगभर बाम चोपडलेला दिसतोय, असे समजून त्या भिडेपोटी गप्प राहिल्या.

बाईंनी पिंपे थांबवायला कळवताच गोदामप्रमुखाचा फोन खणखणला. "साहेब, निम्मी पिंपं उतरवून झाली! आता ती कुठे ठेवू, डोक्यावर?"

"शीतगृहात."

"तिथे मुंगीला जागा नाही!"

मग शीतगृहातली खोकी बाहेर निघाली, ती हिशेबनीसांच्या खोलीत गेली, हिशेबनीस टेबलांसकट जिन्यात आले, आणि जिना बंद झाल्यामुळे व्यवस्थापक वरच अडकले. तिथून ते एकच प्रश्न ओरडून विचारत होते, "आकडा नक्की ना?"

"माझा आकडा आहे!" अंशसाहेब खालून ओरडले आणि शिंकले.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, रागावू नका. कोटाच्या खिशात शिशी ठेवलीय. गरम पाण्यात दोन खडे टाका नि वाफ घ्या."

त्याने खिसा चाचपला. शिशी होती. नमुन्याची तर समोर टेबलावर. म्हणजे ही तिची. त्याचे मन एकदम मऊ झाले. कपातल्या उकळत्या पाण्यात त्याने खडे सोडले, डोक्यावर रुमाल घेतला आणि फोन कानाशी धरूनच वाफ ओढली.

"डोळ्यांना पाणी आलं?"

"नाही."

"नाक सुटलं?"

"छे."

"खडे वितळले तरी का?"

"कसले वितळतायत! तळाशी दगडासारखे बसलेत."

"मग ते माझे नव्हेत. माझे टाकल्याटाकल्या वितळतात."

रुमालाखालच्या त्या उबदार अंधारात एक आयुष्यभराचा मान हळूहळू पाझरू लागला. तो बाहेर आला. त्याने टेबलावरची शिशी बाईंच्या नाकाशी धरली. "कसला वास येतो?"

"पुदिन्याचा. मला वाटलं, तुमचा."

"आणि मी आत्ता वाफ घेतली ती... पिंपांतल्या मालाची."

बाईंनी त्याला दंडाला धरून उघड्या खिडकीत बसवले, डॉक्टरांना बोलावले आणि मगच श्वास सोडला. ते रसायन श्वासातून गेले तरी अपाय नाही, हे गेल्याच महिन्यात तपासून झाले होते. मग बाईंनी स्वतः शेजारी उभे राहून खरा नमुना तापवून घेतला. उकळत्या पाण्याच्या कितीतरी पुढे जाईपर्यंत तो ढिम्म बसून होता. पिंपे गोदामात गेली, हिशेबनीस खोलीत, व्यवस्थापक खाली.

"आकडा बदलला म्हणे?" व्यवस्थापकांनी विचारले.

"आकडा बरोबर होता," बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "पदार्थ चुकला होता."

संध्याकाळी बायकोने घरच्या खड्यांची वाफ दिली. नाक सुटले, स्वयंपाकघर, साबण, तिच्या हातांचा लवंगी वास, सगळे एकदम घरी परतले.

"भेसळ असते ना त्यात?" तिने विचारले.

त्याने रुमाल पुढे ओढून पुन्हा वाफ घेतली. सकाळी तिने कपाट उघडले, तर खड्यांच्या शिशीवर त्याच्या रेखीव अक्षरात चिठ्ठी होती: 'मेन्थॉल. द्रवणांक बेचाळीस अंश. अत्यंत शुद्ध. दोनदा तपासले.'