गोलाला गोल

"तुम्ही नुसते गोल कापा. घड्या मी घालते," काकू म्हणाल्या. लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी चालली होती. कापडाचा गोल घ्यायचा, चारी बाजूंनी कडा आत दुमडायच्या, की झाला चौकोन. बसवरून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका ते तासन्‌तास बघत बसायचे. गोल चौकोनात मावतो, तोही एका सुरकुतीशिवाय, हे डोळ्यांनी बघूनही त्यांना पटत नसे.

काकू बाजारात गेल्यावर काकांनी पलंगावर कापड पसरलं, बशी ठेवून खडूनं आखलं आणि कात्री चालवली. गोल उचलला, तर त्याखाली आणखी एक गोल निघाला. तो पलंगपोसाचा होता. लेकीनं पहिल्या पगारातून आणलेल्या पलंगपोसाचा, आणि लेक रविवारी यायची होती.

काकांनी आधी भोकावर तोच गोल ठेवून पाहिला. कापलेला गोल परत शिवावा, तर दुमडायला कड उरत नव्हती. ठिगळ भोकापेक्षा मोठंच हवं. सोफ्याचं कव्हर त्याच रंगाचं होतं. त्याच्या मागच्या बाजूनं काकांनी ताटलीएवढा गोल काढला. आता सोफ्याला भोक. तिथं पडद्याचा, कपाटामागे दडणारा, ताटाएवढा गोल गेला. पडद्याला शेवटी परातीएवढं कापड लागलं. ते काकांनी स्वतःच्या नव्या शर्टाच्या पाठीतून घेतलं. वर स्वेटर घातला की पाठ कोण बघतंय?

काकू बाहेर गेल्या की काका सुई घेऊन बसत. बोटांची चाळण झाली, पण त्यांनी सगळं निस्तरलं.

रविवारी लेक आली, आणि ऊनही कडकडीत पडलं.

"बाबा, स्वेटर काढा ना. घामानं निथळताय."

"मला थंडी वाजतेय."

"ताप आहे का बघू," म्हणत लेकीनं स्वेटरखालून पाठीवर हात ठेवला आणि चपापली. "आई, बाबांच्या स्वेटरखाली पाठीला शर्टच नाहीये."

मग लपवणार काय? काकांनी खाली मान घालून पडदा दाखवला, पडद्यानं सोफा दाखवला, सोफ्यानं पलंगपोस. लेक हसून हसून खुर्चीत बसली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला. पलंगपोसावरचा टाका वाकडातिकडा होता. सोफ्यावरचा जरा सरळ. पडद्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. टाका नखानं चाचपडून शोधावा लागत होता.

"हे कुणाकडून करून घेतलंत?"

"कुणाकडून करून घेणार? तू घरात नसताना मीच बसलो."

काकूंनी गोधडी आणून त्यांच्या मांडीवर टाकली. "कड राहिलीय. माझा टाका इतका बारीक पडत नाही."

"अगं, तुझ्या कामाला मी हात लावू?"

"लावा. कात्रीला तेवढं शिवू नका."

काकांनी सुईत दोरा ओवला. दुपारभर स्टिअरिंगवर बसल्यासारखे ताठ बसून, श्वास रोखून ते एकेक टाका घालत राहिले. काकू समोरच बसल्या होत्या. हातातला चहा निवून गेला होता.

"आई, काय बघतेस गं एवढं?" लेकीनं विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या, "दोरा संपत आला का ते बघतेय."