शेवटचा नऊ

"पॉइंट नऊ नऊ नऊ. पुढे लाव किती नऊ लावायचे ते. एक होणार नाही म्हणजे नाही!" असं म्हणून समाधान सोनकांबळ्यांनी श्रीखंडाचा डबा वजनकाट्यावर ठेवला.

शांती नगरातल्या त्यांच्या घरी रविवार सकाळपासून हाच विषय पेटला होता. बारावी झालेल्या त्यांच्या मुलीला, तेजश्रीला, गणितात पदवी करायची होती. समाधानरावांना ती फार्मसीला हवी होती. ते स्वतः औषधाच्या कंपनीत गोळ्यांचं वजन तपासायचे. गोळी जराशी हलकी निघाली की सगळा माल परत. कमी ते कमीच, हा त्यांचा धर्म. प्रवेशाची शेवटची तारीख उद्यावर आली होती आणि काल रागाच्या भरात ते बोलून बसले होते, "न संपणारे नऊ म्हणजे एक, हे माझ्या तोंडून वदवून घे, मग जा गणिताला!"

"पप्पा, एकाचे तीन भाग केले की प्रत्येक भाग पॉइंट तीन तीन तीन, न संपणारा. तिन्ही जोडले की पॉइंट नऊ नऊ नऊ. पण जोडलं काय? तोच एक ना?"

"जोडताना थोडं हरवतं."

"कुठे हरवतं?"

"तेच प्रयोगानं दाखवतोय. विज्ञानात बडबड चालत नाही."

श्रीखंड तीन वाट्यांत गेलं, परत डब्यात आलं. काटा कमी दाखवू लागला.

"बघ!"

"अहो, हरवलेलं तुमच्या मिशीला लागलंय," स्वयंपाकघरातून त्यांची बायको राजश्री म्हणाली.

समाधानरावांनी मिशी पुसली, पण माघार घेतली नाही. मग भाकरीचे तीन तुकडे झाले, चुरा फरशीवर पडला. मग कणकेचे तीन गोळे झाले, ते दहाही बोटांना चिकटले.

"प्रीतम जेवायला येतोय," राजश्री कडाडली. "त्याला काय पॉइंट नऊ वाढू?"

"पप्पा, कणीक बोटांना चिकटते. आकड्याला काय चिकटणार? कमी आहे ना? मग किती कमी, तेवढं लिहून दाखवा."

समाधानरावांनी पेन्सिल घेतली. पॉइंट शून्य शून्य शून्य... ओळ संपली. कागद उलटला.

"शेवटचा एक कधी येणार?"

"शून्यं संपली की."

"ती संपतच नाहीत, पप्पा."

"पेन्सिल बारीक झालीय," म्हणून त्यांनी ती खाली ठेवली. हार अजून मानली नव्हती.

तेवढ्यात बेल वाजली. भाईंदर पश्चिमेचा प्रीतम, राजश्रीचा धाकटा भाऊ. लग्नापासून आजवर मेहुण्या-दाजींचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. रिक्षा कुठून वळवायची यावरसुद्धा नाही.

"जय भीम, दाजी!" चप्पल काढता काढताच प्रीतम म्हणाला, "आणि ऐका, पॉइंट नऊ कितीही लावा, एकाहून कमीच! शेंबडं पोरगंपण सांगेल."

समाधानरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. वाक्य त्यांचंच होतं, पण प्रीतमच्या तोंडून किती बावळट वाटत होतं!

"किती कमी?"

"असेल की थोडंसं."

"थोडंसं म्हणजे? लिही!" त्यांनी पेन्सिल त्याच्या हातात कोंबली.

"पॉइंट शून्य शून्य... आणि शेवटी एक."

"शेवट आहेच कुठे, शहाण्या? एकाचे तीन भाग कर, जोड. काही सांडलं? आकड्याला मिशी असते? काहीच कमी नाही, म्हणजे एकच! पूर्ण एक!"

"पप्पा, सही," तेजश्रीनं अर्ज पुढे केला. त्याच आवेशात सही झाली. पेनाचं टोपण लावताना मात्र समाधानराव थबकले.

"प्रीतम, हा विषय तुला कुणी सांगितला?"

प्रीतम ताटावर बसला होता. "तेजूनं. सकाळी फोन केला, मामा, आल्या आल्या एवढंच बोल म्हणाली."

"पप्पा, माझाही एक सिद्धांत आहे," तेजश्री शांतपणे म्हणाली. "मामा जे म्हणेल, पप्पा त्याच्या उलट म्हणतात. आजपर्यंत खोटा ठरला नाही. मोडायला एकच उदाहरण पुरे. मामाचं काहीही एक मान्य करा, अर्ज फाडते."

समाधानरावांनी मनापासून ठरवलं. आता प्रीतम जे बोलेल, त्याला हो म्हणायचं. काहीही झालं तरी हो. ते दात आवळून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

प्रीतमनं बोट चाटलं. "दाजी, श्रीखंड फक्कड झालंय."

"आंबट आहे," समाधानराव म्हणाले.