शेवटच्या नियमाचा पहिला मान

माणसाला भाकरी कमी पडली तर तो आणखी मागतो. पंगतीत जागा खालची मिळाली तर तो उठून जातो. सहकार याच पायावर उभा आहे, आणि भक्कम उभा आहे.

बारामती आणि इंदापूरच्या दरम्यान आमचा साखर कारखाना आहे. (नकाशात शोधू नये. सापडला तर तो दुसरा.) कारखान्याने संगणकांच्या रक्षणासाठी फायरवॉल घेतली. फायरवॉल म्हणजे वेशीवरचा रखवालदार. त्याच्याकडे नियमांची यादी असते. येणाऱ्याजाणाऱ्याला तो यादीशी वरून खाली ताडून बघतो. जो नियम आधी लागू पडेल तो लावतो आणि पुढचं वाचतच नाही. (वार्षिक अहवाल आम्ही असाच वाचतो.) सगळ्यात खाली एक नियम असतो: येईल त्याला बंद. वर ज्याची सोय लागली नाही, तो इथे अडतो.

मंडळाला ही रचना फार आवडली. प्रत्येक संचालकाने एकेक नियम आपल्या नावाने करून घेतला. वजनकाट्याचा नियम बावड्याच्या सर्जेराव तात्यांचा. शेतकी विभागाचा, व्हाइस चेअरमन ऋषिराजदादांचा. चेअरमन दिग्विजयबापूंचा नियम त्यांच्या बंगल्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी होता (कारखान्याशी संबंध: बंगल्यातून धुराडं दिसतं). नावं आली म्हणजे क्रम आला, आणि क्रम आला म्हणजे फोन आले. "मॅडम, आमचा जरा वर सरकवा की."

संगणक विभागाच्या राजेश्वरी मॅडम सरकवून सरकवून थकल्या आणि त्यांनी फायरवॉलच्या पोटातच एक स्वयंचलित साधन बसवलं. त्यात क्रम एकदाच लिहायचा. कुणी परस्पर नियम हलवला, तर साधन पाच मिनिटांत तो परत जागेवर नेऊन बसवतं. ते फोन उचलत नाही. ते कुणाच्या मुलाच्या लग्नाला जात नाही. असा कर्मचारी कारखान्याने पूर्वी पाहिलेला नसल्यामुळे विषय थेट मंडळाच्या सभेत गेला.

बापूंनी जुनाजाणता तोडगा काढला. सरपंचपद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेतात, तसा वरचा मान दर सोमवारी फिरता ठेवायचा. साधनाला तसं सांगून टाकायचं.

"फिरवा," मॅडम म्हणाल्या, "पण शेवटचा नियम शेवटीच राहू द्या."

"का बरं?" तात्यांनी चष्मा काढला. "त्यानं काय पाप केलंय? बिचारा कायम खालीच?"

"तात्या, तो वर गेला तर सगळंच बंद होईल."

"आमचे ऋषिराजदादा व्हाइस चेअरमन झाले तवाबी लोक आसंच म्हनत हुते. झालं का कायी?"

दादा वगळता सगळे हसले. ठराव एकमताने मंजूर झाला. (आमच्याकडे एकमत झालं की शहाण्याने वाण्याकडून मेणबत्त्या आणून ठेवाव्यात.)

पद्धत कमालीची यशस्वी ठरली. ज्याचा सोमवार, त्याच्याकडून पेढे. कामात तिळमात्र फरक पडला नाही, आणि यशाची आमची व्याख्या तीच आहे.

मग ऐन हंगामात, कुणाशीही दुजाभाव न करता, साधनाने शेवटच्या नियमाला त्याचा सोमवार दिला.

वजनकाट्याचा पडदा कोरा झाला. शेतकी विभाग गप्प झाला. बापूंना स्वतःचा बंगला दिसेना. राजेश्वरी मॅडमना जागेवर बसून काही करता येईना, कारण 'येईल त्याला' यात त्याही येत होत्या. उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाट्यापर्यंत गेली. ऊस उन्हात वाळतो आणि वाळला की वजनात घटतो, हे कळायला संगणक लागत नाही. रांगेत पुढून तिसरी ट्रॉली खुद्द तात्यांची होती.

मॅडमनी फायरवॉलच्या खोलीत जाऊन थेट वायर जोडली आणि तो नियम हाताने खाली ढकलला. काटा सुरू झाला. दोन ट्रॉल्या झाल्या, तात्यांची काट्यावर चढली, आणि पाच मिनिटं भरल्यामुळे साधनाने ठरावाचा मान राखून सगळं पुन्हा बंद केलं.

तात्या धापा टाकत खोलीत आले. "आगं बाई, त्याला खाली गाड की!"

"साधनातला क्रमच बदलावा लागेल. त्याला ठराव पाहिजे."

"ठराव मागनं करू! तू बदल!"

"मग तुमचा नियम कितवा ठेवू?"

"कुठंबी ठेव, माजी आई! ऊस वाळतोय हितं!"

कारखान्याच्या इतिहासात संचालकाने 'कुठंबी' हा शब्द प्रथमच उच्चारला. मॅडमनी तो क्षण वाया घालवला नाही. धुराडं दणक्यात सुरू राहिलं. संध्याकाळी तात्यांचा फोन आला: "कुठंबी म्हनालो ते खरं हाय मॅडम, पन दादांच्या खाली न्हाय."

आता साधनात मॅडमचा क्रम चालतो. मानाचा क्रम सभागृहाबाहेर सोनेरी चौकटीत लावला आहे. तो दर सोमवारी बदलतो, आणि यंत्राशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे प्रत्येक संचालकाला ठाऊक आहे. तरी सोमवारी गाड्या येतात, हार येतो, फोटो निघतो.

चौकट बघायला बाहेरचे लोकही येऊ लागल्याने तिच्यात मान्यवर पाहुण्यांची नावं घालायला सुरुवात झाली आहे. वाचकहो, तुमचंही घातलं आहे. वरून कितवं, ते लक्षात नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या खाली आहे, एवढं नक्की.