दामूअण्णांच्या राहिलेल्या वस्तू

आमचे शेजारी दामूअण्णा दर रविवारी पालघरहून तारापूरला पायी जात आणि परत येताना हमखास एक वस्तू कमी घेऊन येत. सगळी नोकरी त्यांनी स्टेशनवर लोकांना तिकिटं देण्यात काढली. निवृत्त झाल्यावर स्वतः मात्र रेल्वेचं एकही काढलं नाही. परतीला तेवढी एस.टी.

"मफलर कुठाय?" विचारलं की म्हणत, "राहिला वाटतं उमरोळीला." चेहऱ्यावर खंत शून्य.

काकू गेल्यापासून ते घरात एकटेच. राहिलेलं शोधून आणायला कुणी नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. मला याद्या करायची सवय. वाण्याची असते, धोब्याची असते, तशी अण्णांची केली. मफलर, उमरोळी. चष्म्याचं घर, बोईसर. छत्री, तारापूर. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास एका थंडीतल्या रविवारी यादी आणि रिकामी पिशवी घेऊन मी त्यांच्याबरोबर निघाले.

"कशाला दगदग, ताई?" अण्णा दोनदा म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

उमरोळीच्या अलीकडेच माझ्या टाचेला फोड आला. अण्णांचा उपाय ठरलेला होता: पाय कुरकुरला की त्याला पुढचं घर सांगायचं. मैल त्यांच्या हिशेबात नव्हतेच. आता ताक, मग चहा, मग तारापूरच्या हिराबायचं अंगण, असा त्यांचा रस्ता. आणि खरंच, ताकाच्या नावानं माझा पाय उचलला.

उमरोळीच्या शेतकऱ्याकडे ताक आधीच काढून ठेवलेलं होतं. मफलर मिळाला, मी खूण केली. बोईसरच्या हॉटेलवाल्यानं गल्ल्यामागून चष्म्याचं घर काढून दिलं, खूण केली. पिशवी जसजशी भरत होती तसतशी अण्णांची चाल मंदावत होती. हॉटेलातून निघताना मी त्यांना बजावलं, आता पुन्हा काही राहायला नको.

बराच वेळ चालल्यावर ते म्हणाले, "मग पुढच्या रविवारी काय म्हणून जाऊ त्यांच्याकडे?"

माझ्या हातातल्या यादीत आता छत्री तेवढी उरली होती.

हिराबाय कोळीण अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटत होती. मी काही बोलायच्या आत अण्णाच शाळकरी पोरासारखे म्हणाले, "छत्री न्यायला आलोय. या ताईंनी यादी केलीये."

तिनं माझी यादी पाहिली, भरलेली पिशवी पाहिली, मग अण्णांचं तोंड पाहिलं.

"छत्री? नाय बा तिकीटमास्तर, आमच्याकडं नाय. पुढच्या रविवारी येऊन बगा, तवर शोधते."

छत्री तिच्या मागेच, दारातल्या खुंटीला लटकत होती. दांड्याला अण्णांनी बांधलेली निळी नाडीसुद्धा दिसत होती.

मी पेन्सिल काढली आणि लिहिलं: छत्री, सापडली नाही.