कापलेलं कुठं जातं?

फोटोच्या सॉफ्टवेअरची चौकशी करताना माणसं किंमत विचारतात, वेग विचारतात. आमचे मुरलीनाना एकच प्रश्न विचारायचे, “कापलेलं कुठं जातं?”

नगरहून आपलं मशीन घेऊन आलेला कॉम्प्युटरवाला मोठ्या उत्साहाने एका नवरदेवाचा फोटो चौकटीत बसवून दाखवत होता. शेजारचा खांब, कुणाचं तरी कोपर, सगळं एका झटक्यात गायब. नाना उठले, मॉनिटरच्या मागे वाकून बघून आले आणि म्हणाले, “झ्याक हाय. पर कापलेलं गेलं कुठं?”

“कुठं म्हणजे? गेलं. डिलीट.”

“मग न्हाई जमायचं,” म्हणत नानांनी त्याला चहा पाजून परत लावून दिला.

नानांचा फोटो स्टुडिओ राहुरीत एसटी स्टँडजवळ, आणि वरच्या माडीवर माझा कॉम्प्युटर क्लास. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दारावर ‘कॉम्प्युटर’ अशी पाटी असली की आतल्या माणसाला सगळं येतं, असा तेव्हा लोकांचा समज होता. त्यामुळे नानांनी मला न विचारताच सल्लागार नेमून टाकलं.

नाना फोटो काढताना कुणालाही “हसा” म्हणत नसत. “श्वास घ्या. धरा. सोडू नका,” एवढंच. मग त्यांना गिऱ्हाइकाची कॉलर वाकडी दिसे. ती सरळ करून ते परत कॅमेऱ्यापाशी जाईपर्यंत माणूस लालबुंद झालेला असे. कृषी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी तर विचारलं होतं, “नाना, फोटो काढताय का एक्स-रे?”

हसवण्याचं खातं सुमनकाकूंकडे, म्हणजे नानांच्या बायकोकडे होतं. चांदीचा कागद चिकटवलेला एक भला मोठा पुठ्ठा धरून त्या बाजूला उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर उजेड पाडायच्या. नवरदेव घुम्यासारखा बसला की म्हणायच्या, “आवो हसा की, तुमचंच लगीन हाय न्हवं?” सगळे हसायचे, आणि ते बघायला काकू स्वतःच पुढे सरकायच्या. कधी बांगड्या, कधी कोपर, कधी पदर फोटोत यायचा.

“सुमन, भाईर हो!” नाना ओरडायचे.

“मग कापा की. कात्री कशाला हाय?”

नाना खरंच कापायचे. प्रत्येक फोटोतून काकूंना नीट, सरळ रेषेत कापून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे.

काकू काविळीने गेल्या. अगदी अचानक. दहाव्याला हार घालायला फोटो हवा, तर घरात फोटोच नाही. अर्ध्या तालुक्याच्या भिंतींवरचे गेलेले लोक नानांनी काढलेले, आणि बायकोचा एक फोटो नाही. स्वतःच्या लग्नात नाना कॅमेरा गळ्यात अडकवून पाहुण्यांचेच फोटो काढत होते, बायको राहून गेली. पुढे कधी विचारलं तर त्या म्हणायच्या, “रोज बघताच की माजं तोंड.” शेवटी पाटावर तो चांदीचा पुठ्ठा टेकवला आणि त्यालाच हार घातला. मला तिथे उभं राहवेना.

त्यानंतर नानांच्या स्टुडिओत कुणी हसलं नाही. त्यातच समोर नवा स्टुडिओ निघाला. तिथे कॉम्प्युटरवर राहुरीच्या नवरदेवाला बर्फाच्या डोंगरात उभं करून देत. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडू लागली. लग्नसराई तोंडावर आली, तेव्हा मीच नानांना कॉम्प्युटर आणि निगेटिव्ह वाचणारा स्कॅनर घ्यायला लावला आणि तीन सॉफ्टवेअरच्या सीड्या आणून दिल्या.

नानांनी तिघांची बारशी केली. पहिला ‘इंजिनिअर’, त्याला बटणंच बटणं; डोंगर, समुद्र, विमान, मागाल ते देणारा. दुसरा ‘न्हावी’, न विचारता कडा छाटून मोकळा. तिसरा ‘कारकून’, अतिशय संथ. पण कितीही कापाकापी करा, मूळ फोटो जसाच्या तसा शेजारी ठेवणारा आणि जुने फोटो बारीक बारीक करून पडद्यावर ओळीने मांडणारा.

“इंजिनिअर घ्या,” मी म्हणालो.

“कारकून. लई हळू हाय, पर काय फेकत न्हाई.”

“नाना, धंदा बसेल!”

“बसू द्या थोडा,” म्हणत त्यांनी निगेटिव्हच्या पाकिटांनी भरलेलं पोतं ओढत आणलं. “सर, मी तिला कागदावरनं कापली. निगेटिव्हमधी हाय ती अजून. भिंगातनं बघून बघून डोळं गेलं. काळ्याचं पांढरं दिसतं, कुनाचं कोपर कायबी कळंना.”

 मी स्कॅनर जोडला.

मग रोज दुपारी आम्ही खाली बसू लागलो. कारकून डुलत डुलत एकेक ओळ मांडायचा. बारशाच्या फोटोत काकूंच्या बांगड्या. साखरपुड्यात पदर. एका फोटोत नुसता अंगठा, तोही नानांनी ओळखला.

आणि एके दिवशी एका सरपंचांचा कुटुंबासह फोटो आला. सरपंचांचा फेटा डोळ्यावर घसरलेला, आणि कडेला पुठ्ठ्याआडून पुढे येऊन तोंडभर हसणाऱ्या काकू. अख्ख्या.

नानांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, “तवा लई वरडलो हुतो तिच्यावर.”

मी म्हणालो, “इंजिनिअरवर घेऊ. अंगावर शालू, मागे छान पडदा...”

“नगं. हाय तशीच.” त्यांनी पहिल्यांदाच माऊस स्वतःच्या हातात घेतला आणि काकूंभोवती चौकट ओढली.

तो फोटो स्टुडिओत लागला. लग्नसराईत ते सरपंच मुलीच्या लग्नाच्या फोटोंचं ठरवायला आले आणि फोटोसमोर थबकले. उजव्या कडेला एक कान आणि फेट्याचा शेमला होता.

“नाना, ह्यो कान माजा हाय का?”

“व्हय.”

“आन बाकीचा मी कुठं गेलो?”

“कारकुनाकडं हाय, सुखरूप. ह्या खेपेला तुमाला भाईर काढलं.”

सरपंच काकूंकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आलोच हाय तर माजाबी एक काढा,” आणि स्टुलावर जाऊन बसले. नानांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. “श्वास घ्या,” असं ते म्हणायच्या आतच सरपंच फोटोकडे बघून हसले, आणि नानांनी बटण दाबलं.